मराठवाड्यातून हार्वर्ड-एमआयटीला अर्ज करायचा असेल तर अकरावीपासून काय हातात असावे

प्रश्न असा आहे: "मी नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातली. दहावीला 97.40 टक्के. आता लातूरला अकरावी सायन्सला आहे, क्लासही तिथेच. वडिलांची पाच एकर कोरडवाहू शेती. बारावीनंतर हार्वर्ड, एमआयटीसारख्या ठिकाणी पूर्ण खर्चाच्या मदतीवर शिकता येते असे ऐकले. खरंच जाता येते का? तयारी कुठून सुरू करू? क्लासचे सर म्हणतात, आधी नीट काढ, मग बघू."

जाता येते. पण शक्यता किती ते आधी ऐक, म्हणजे पुढचे सगळे योग्य मापात वाचशील. एमआयटी (पुण्याचे किंवा संभाजीनगरचे नव्हे, मॅसॅच्युसेट्सचे) दरवर्षी पहिल्या वर्षाला साधारण 1100 मुले घेते. त्यात परदेशी मुले दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे सगळ्या जगातून सव्वाशेच्या आतबाहेर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला शंभर अर्जांमागे चार-पाच जणांना प्रवेश मिळतो. त्यामुळे तुझे सर चुकीचे सांगत नाहीत. नीट, जेईई, सीईटी जे काही धरले आहेस ते सोडायचे नाही, हा अर्ज त्याच्या बाजूने चालवायचा. "मग बघू" एवढे मात्र चालणार नाही, कारण या अर्जातली निम्मी कागदपत्रे अकरावीतच तयार होतात.

तुझ्या 97.40 टक्क्यांबद्दल एक गोष्ट. 2025 च्या दहावीच्या निकालात राज्यात 211 मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली 113 एकट्या लातूर विभागातली. कला-क्रीडेचे सवलतीचे गुण आणि बेस्ट ऑफ फाइव्ह धरून ही आकडेवारी बनते हे आपल्याला माहीत आहे. तिकडे फाईल वाचणाऱ्याला ते माहीत असेलच असे नाही, आणि असले तरी एवढ्या गुणांची मुले त्याच्यासमोर ढिगाने आहेत. गुणांमुळे फाईल बाजूला टाकली जात नाही, इतकेच. आपल्याकडचे चांगले अर्ज पडतात ते अकरावीच्या निकालावर, शिक्षकांच्या पत्रावर, निबंधावर आणि उत्पन्नाच्या कागदांवर. तोच क्रम धरतो.

अकरावी. क्लासच्या मुलांसाठी अकरावीची कॉलेजची परीक्षा म्हणजे सुट्टी. कॉलेजात प्रवेश नावापुरता, हजेरी क्लासला, आणि वार्षिक निकालात अनेक ठिकाणी सगळ्यांना सरसकट साठ-पासष्ट टक्के. इथल्या कुठल्याही प्रवेशाला तो निकाल लागत नाही, म्हणून त्याचे कुणाला काही वाटत नाही. अमेरिकी विद्यापीठ मात्र नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागते. तुझी बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, निकाल मे महिन्यात, आणि त्यांचा निर्णय मार्चअखेर. म्हणजे निर्णयाच्या दिवशी त्यांच्या टेबलावर नववी, दहावी आणि अकरावीचेच गुण असतात, सोबत फार तर बारावीची सहामाही. नववी 94, दहावी 97, अकरावी 62 असा उतार दिसला की वाचणारा एकच अर्थ काढतो: विषय अवघड झाले आणि मुलगी मागे पडली. म्हणून अकरावीच्या दोन्ही परीक्षा मन लावून दे, पेपर तपासून घे, प्रॅक्टिकल बुडवू नको. निकाल आधीच लागून गेला असेल तर अर्जात "अधिक माहिती" नावाची जागा असते, 300 शब्दांची. तिथे चार ओळींत सरळ लिहायचे की इथे अकरावीचे अंतर्गत मूल्यमापन कसे होते आणि त्या वर्षी आठवड्याचे किती तास कशाच्या अभ्यासात गेले. रडगाणे नको, कॉलेजवर आरोप नको.

नववीचे प्रगतिपत्रक शोधून ठेव. तू शाळा सोडून आली आहेस, जुने मुख्याध्यापक निवृत्त झाले की दप्तरातून नववीचे गुण काढायला महिना जातो.

आता कॉलेजकडून लागणारे कागद. बहुतेक विद्यापीठांचा अर्ज कॉमन ॲप नावाच्या एकाच संकेतस्थळावरून जातो, दरवर्षी 1 ऑगस्टला नवा अर्ज उघडतो. एमआयटीचा अर्ज वेगळा, त्यांच्याच पोर्टलवर. दोन्हीकडे कॉलेजतर्फे एका माणसाला "समुपदेशक" म्हणून काम करावे लागते. मोठ्या शहरांतल्या शाळांत या कामाला पगारी माणूस असतो. तुझ्याकडे प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक यांपैकी कुणीही चालेल. अट एवढीच की त्यांनी ईमेल उघडला पाहिजे. ऐन वेळी जाऊन पाय धरण्यापेक्षा अकरावीच्या दिवाळीनंतरच एकदा शांतपणे भेट आणि काम काय आहे ते कागदावर लिहून दे: गुणपत्रिका अपलोड करणे, शाळेची एक पानाची ओळख, आणि तुझ्याबद्दल एक पत्र.

त्या एका पानाच्या ओळखीकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच फायदा हातचा जातो. त्यात काय असावे? कॉलेज कुठल्या गावात, अनुदानित की विनाअनुदानित, अकरावी-बारावीला किती मुले, माध्यम कोणते, कोणते विषय शिकवले जातात, संगणकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स आहे की नाही, गेल्या वर्षी बारावीला 90 च्या वर किती, 75 च्या वर किती. आणि राज्य मंडळाची श्रेणी: 75 टक्के व अधिक विशेष प्रावीण्य, 60 प्रथम श्रेणी, 45 द्वितीय, 35 उत्तीर्ण. ही ओळ नसेल तर बारावीच्या सहामाहीतले फिजिक्सचे 78 गुण तिकडच्या नजरेला "बरा" वाटतात, कारण त्यांच्या शाळांत 90 च्या खाली उतरले की काळजी सुरू होते. ही ओळ असली की तेच 78 विशेष प्रावीण्यात बसतात. हे पान तू टाइप करून देऊ शकतेस, आकडे मात्र कॉलेजचे आणि सही-शिक्का प्राचार्यांचा.

शिक्षकांची पत्रे दोन. एमआयटीला एक गणित किंवा विज्ञानाच्या शिक्षकाचे आणि एक भाषा-समाजशास्त्राच्या बाजूचे. बाकी ठिकाणी दोन मुख्य विषयांचे, शक्यतो अकरावी-बारावीला शिकवलेल्यांचे. तुझी अडचण मला दिसते. कॉलेजच्या सरांना तुझे नाव माहीत नाही आणि क्लासच्या सरांच्या हॉलमध्ये दोनशे मुले. यावर उपाय एकच, कॉलेजातल्या दोन शिक्षकांच्या तासाला खरोखर बसायचे, प्रश्न विचारायचे, वही दाखवायची. क्लासच्या सरांचे पत्र "इतर" म्हणून जादा जोडता येते, मुख्य दोनांत ते धरत नाहीत. इंग्रजीचा तास लातूरच्या सायन्सच्या मुलांनी ओस पाडलेला असतो. तिथे चार महिने नियमाने बसणारी मुलगी त्या मॅडमच्या लक्षात राहतेच.

पत्रात काय येते ते बघ. आपल्याकडे शिफारसपत्र म्हणजे बोनाफाईडचा मोठा भाऊ: "सदर विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात नियमित शिकत असून ती कष्टाळू, आज्ञाधारक व सुस्वभावी आहे, तिच्या उज्ज्वल भविष्यास शुभेच्छा." हे पत्र गेले काय, न गेले काय, सारखेच. शिक्षकांना एक कागद दे आणि त्यावर त्यांच्याच वर्गातल्या तीन-चार गोष्टी आठवणीसाठी लिही: कोणत्या धड्याला कोणता प्रश्न विचारला, लोलकाच्या प्रयोगात उत्तर चुकले तेव्हा काय केले, कुणाला काय समजावले. पत्र त्यांनी लिहायचे, त्यांना पटेल ते लिहायचे. मराठीत लिहिले तरी हरकत नाही. इंग्रजी भाषांतर दुसऱ्या शिक्षकाने करावे आणि मूळ पत्र सोबत जोडावे. "तूच लिहून आण, मी सही करतो" हा आपल्याकडचा सवयीचा मार्ग आहे. तो टाळ. तुझा निबंध आणि दोन पत्रे एकाच हातची असली की तिसऱ्या वाक्याला कळते, आणि मग अख्खी फाईल संशयात. अर्जात एक प्रश्न येतो, ही पत्रे पुढे वाचण्याचा हक्क सोडता का. तिथे "हो, सोडते" म्हणायचे.

नावाचा गोंधळ आत्ताच निस्तर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझे नाव, मग वडिलांचे, आईचे नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर तुझे नाव आधी. पासपोर्टवर नाव आणि आडनाव असे दोनच रकाने. त्यात इंग्रजी स्पेलिंग एकीकडे एका "आय"ने, दुसरीकडे दोन "ई"नी. दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आधी आधार दुरुस्त कर, मग पासपोर्ट काढ, आणि पासपोर्टवर जसे आहे तसेच अक्षरशः सगळीकडे लिही: परीक्षेच्या नोंदणीत, अर्जात, आर्थिक मदतीच्या फॉर्ममध्ये. दोन स्पेलिंग असली तर तुझा परीक्षेचा निकाल तुझ्या फाईलला जोडलाच जात नाही आणि फाईल "अपूर्ण" म्हणून पडून राहते.

परीक्षांवर फार वेळ घालवत नाही. सॅट, म्हणजे अमेरिकी विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा, हवी: एमआयटीने 2022 मध्ये आणि हार्वर्डने 2024 मध्ये ती पुन्हा सक्तीची केली. 1600 गुण, 2 तास 14 मिनिटे, लॅपटॉप किंवा टॅबवर. मोबाईल चालत नाही. वाचन-लेखनाचे 54 प्रश्न, गणिताचे 44. गणित तुला सोपे जाईल, दहावी-अकरावीचेच आहे आणि कॅल्क्युलेटर पडद्यावरच असतो. गुण जातात ते वाचनात, कारण क्लासमध्ये दोन वर्षे सलग इंग्रजी परिच्छेद कुणी वाचत नाही. रोज अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्राचे अग्रलेखाचे पान, सहा महिने. अकरावीनंतरच्या मे-जूनमध्ये पहिली, गरज पडली तर ऑगस्टमध्ये दुसरी. केंद्र मोठ्या शहरातले धरून चाल. मुखेड-देगलूरकडून पुण्यापेक्षा हैदराबाद जवळ पडते, आदल्या दिवशी मुक्काम कर. स्वतःचा लॅपटॉप नसेल तर परीक्षेपुरता मिळावा अशी विनंती नोंदणीत करता येते, पण ती निदान 30 दिवस आधी. इंग्रजीच्या परीक्षेसाठी डुओलिंगो बरी, घरून तासाभरात होते. मात्र घरून म्हणजे भारनियमनाच्या वेळापत्रकात, बरं का. वीज किंवा नेट मध्येच गेले, मागून कुणी खोलीत डोकावले, तर निकाल अडकतो. लातूरच्या खोलीवर चार पार्टनरसोबत ती देऊ नको.

आता निबंध. कॉमन ॲपचा मुख्य निबंध 250 ते 650 शब्दांचा, शिवाय प्रत्येक विद्यापीठाचे छोटे प्रश्न. इथून लिहिणाऱ्याला सगळ्यात मोठा मोह होतो तो दुष्काळाचा. 2016 ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, शेतकऱ्याच्या घरी जन्म, आई-वडिलांचे कष्ट, म्हणून मला शिकून समाजाची सेवा करायची आहे. यातला एकही शब्द खोटा नाही आणि तरी निबंध फुकट जातो, कारण तो वाचून मराठवाडा कळतो, तू कळत नाहीस. हाच निबंध शेजारच्या मुलाच्या नावावर टाकला तरी चालेल. ही कसोटी प्रत्येक परिच्छेदाला लावत जा.

उदाहरण म्हणून तोच विषय घेऊ. "एप्रिलमध्ये आमच्या गल्लीत टँकर सहाव्या दिवशी येतो. 12,000 लिटर, 40 घरे. सगळे म्हणतात समान वाटा, म्हणजे घरटी 300 लिटर. आमच्या घरात चार माणसे, माणशी दिवसाला साडेबारा लिटर. शेजारी अकरा माणसे, त्यांना साडेचार. मी वहीत माणसे मोजून नवा हिशेब केला आणि पहिल्याच दिवशी भांडण लागले: पुण्याला असलेला मुलगा धरायचा का? आणि म्हैस? ती एकटी पन्नास-साठ लिटर पिते." बघ, इथे दुष्काळ हा शब्द एकदाही आला नाही आणि मुलगी डोळ्यासमोर उभी राहिली. ती हिशेब करते, न्याय म्हणजे काय यावर अडते, म्हशीच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नसते. पुढचे चारशे शब्द त्या वहीचे काय झाले यावर. पहिला हिशेब मोडला, दुसरा का चालला, आजही कोण नाराज आहे. शेवटी "यातून मी शिकले की" अशी ओळ नको.

तुझ्याकडे टँकर नसेल, दुसरे काही असेल. आडतीवर वजनकाट्याशी बसून शिकलेली गोष्ट, शिलाईच्या मशीनचे टेन्शन स्वतः दुरुस्त केलेले, पाठ केलेल्या ओव्या, बिघडलेला मोटार स्टार्टर. विषय छोटा असावा. सापडत नसेल तर मोबाईलवर मराठीत दहा मिनिटे मैत्रिणीला सांगतेस तसे बोलून रेकॉर्ड कर, मग ऐक. जिथे तू स्वतः वेगाने बोलायला लागलीस तिथे निबंध आहे. नंतर इंग्रजीत स्वतः लिही. साधी वाक्ये चालतात. शब्दकोशातून काढलेले जड शब्द आणि एआयकडून घोटून घेतलेला मजकूर, दोन्ही लगेच कळतात. एआयचा मजकूर स्वतःचा म्हणून देणे कॉमन ॲप फसवणुकीत धरते. इंग्रजीच्या मॅडमना व्याकरण दाखव, पण "छान करून द्या" म्हणू नको.

उपक्रमांच्या यादीत दहा जागा, प्रत्येकाला वर्णन 150 अक्षरांचे. अक्षरे म्हणतोय, शब्द नव्हे. मुले इथे शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची तिसऱ्या क्रमांकाची ढाल लिहितात आणि रोज केलेले काम सोडून देतात. घरची जबाबदारी आणि काम यांना त्या यादीत स्वतंत्र प्रकार आहेत. सुट्टीत सोयाबीनची काढणी, धाकट्या भावाचा अभ्यास, वडिलांच्या पीकविम्याचे ऑनलाइन अर्ज आणि गल्लीतल्या आणखी वीस जणांचे: हे सगळे लिहायचे, आठवड्याचे तास आणि वर्षाचे आठवडे यांसह. तास खरे लिही. क्लासचे 50 तास, कॉलेज, आणि उपक्रमांचे 45 तास अशी बेरीज झाली तर आठवड्यात झोपेला जागाच राहत नाही, आणि वाचणारे ती बेरीज करतात. गणिताची ओढ असेल तर ऑलिंपियाडची पहिली पायरी, आयओक्यूएम, जरूर दे. सप्टेंबरच्या सुमारास असते, नोंदणी पावसाळ्यातच करावी लागते. पैसे भरून मिळणाऱ्या "जागतिक नेतृत्व शिबिरां"ची प्रमाणपत्रे घेऊ नको. पैसे असल्याचा पुरावा, एवढाच त्यांचा अर्थ निघतो.

पैशाचा भाग. एका वर्षाचा सगळा खर्च 85 ते 95 हजार डॉलर. परदेशी मुलांनाही "नीड-ब्लाइंड" वागवणारी, म्हणजे तू मदत मागितलीस म्हणून प्रवेश नाकारत नाहीत आणि प्रवेश दिला तर लागेल तेवढी मदत देतात, अशी मोजकीच विद्यापीठे आहेत, त्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, आणि लहान कॉलेजांत ॲमहर्स्ट व बोडॉइन. विल्यम्स, स्वार्थमोर, पोमोना, स्टॅनफर्ड वगैरे पूर्ण मदत देतात, पण मदत मागणारा परदेशी अर्जदार निवडताना हात आखडतात. म्हणून काही सल्लागार सांगतात, "मदत नको असे लिही, प्रवेश मिळाला की मागू." तसे केलेस तर स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी नंतर चारही वर्षे मागता येत नाही, आणि पाच एकरांत ती फी बसत नाही. खूण कर: मदत हवी. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्ड-केंब्रिजचा अर्ज ऑक्टोबरच्या मध्यालाच संपतो आणि पदवीसाठी पूर्ण खर्चाची मदत फार थोड्यांना मिळते. आणि राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतर तिचा उपयोग नाही.

मदतीसाठी सीएसएस प्रोफाइल नावाचा फॉर्म भरावा लागतो. रक्कम रुपयांत लिहिता येते. इथे आपल्याकडची नेहमीची चूक अशी की तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडून मोकळे व्हायचे. दाखल्यावर 60,000, कारण सेतू केंद्रात सगळ्यांचा तेवढाच निघतो, आणि इकडे लातूरच्या क्लास-हॉस्टेलची फी दीड लाख. वाचणारा विचारणारच की 60,000 उत्पन्नातून दीड लाख कुठून आले. त्यामुळे खरा हिशेब एका पानावर मांड. तुझ्या घरचा नाही, नमुना म्हणून: सोयाबीन 4 एकर, एकरी 7 क्विंटल, 28 क्विंटल गुणिले 4,300 म्हणजे 1,20,400. आंतरपीक तूर 6 क्विंटल, 7,000 ने 42,000. रब्बीचा हरभरा 10 क्विंटल, 5,400 ने 54,000. एक एकर ज्वारी घरी खायला. एकूण 2,16,400; बी, खत, फवारणी, मळणी, मजुरी मिळून खर्च 85,000; हातात 1,31,400, साधारण दीड हजार डॉलर. खाली लिहायचे: क्लासची फी मामांनी 80,000 दिली, बाकी सोने तारण ठेवून. हे लिहायला लाज वाटते, पण याच ओळीने हिशेब जुळतो. फॉर्ममध्ये नातेवाइकांकडून आलेल्या मदतीसाठी जागा आहे.

सोबत सातबारा, आठ-अ, आडत्याच्या पट्ट्या (वर्षभराच्या, दोन-तीन नव्हे), पीक कर्जाचा उतारा, बँकेचे 12 महिन्यांचे स्टेटमेंट. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने वडिलांनी रिटर्न भरले नसेल, तर भरत नसल्याचे आणि का भरत नसल्याचे सहीचे निवेदन. जमिनीची किंमत विचारतात तेव्हा मुले घाबरतात, कारण पाच एकर गुणिले आठ लाख म्हणजे चाळीस लाख दिसतात. किंमत खरीच लिहायची, आणि शेजारी सांगायचे की जमीन जिरायत आहे, घराचे उत्पन्न तेवढ्यावरच आहे, सातबाऱ्याच्या इतर हक्कात सोसायटीचा बोजा आहे. दाखल्यातला आकडा वेगळा असेल तर तो कसा ठरतो हेही एका वाक्यात. मराठी कागदांना इंग्रजी भाषांतर जोड. सातबाऱ्याचे आकडे हेक्टर-आरमध्ये असतात, ते एकरांत करताना चूक होते. एक एकर म्हणजे 40 आर.

अर्जाची फी विद्यापीठागणिक वेगळी, 100 डॉलरपर्यंत. सात-आठ ठिकाणी भरत बसायची गरज नाही, फी-माफी मागायची. कॉमन ॲपमध्येच खूण असते, नाहीतर प्रवेश कार्यालयाला साधा ईमेल. सीएसएसची फी वेगळी, तिथेही काही विद्यापीठे माफीचा कोड पाठवतात. कुठे भरावीच लागली तर आपल्या डेबिट कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून चार दिवस आधी चालू कर. रुपे कार्ड अनेकदा चालत नाही.

वेळापत्रकात खरी टक्कर आहे ती बारावीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. क्लासची टेस्ट सिरीज तेव्हाच, प्रॅक्टिकलची तयारी तेव्हाच, आणि हे निबंधही. नियमित अर्जाची मुदत 1 ते 5 जानेवारीच्या सुमारास, बोर्ड महिनाभरावर. म्हणून मुख्य निबंध अकरावीनंतरच्या उन्हाळ्यात, जूनपर्यंत पक्का कर. ऑगस्टमध्ये यादी ठरव, सहा ते आठ, जास्त नको. प्रत्येक जादा नावामागे आणखी दोन-तीन छोटे निबंध येतात. सप्टेंबरात शिक्षकांना आणि प्राचार्यांना निमंत्रणाचे ईमेल जातील असे बघ आणि त्यांच्यासमोर बसून ते उघडून घे, स्पॅममध्ये जातात. दिवाळीच्या सुट्टीत छोटे निबंध आणि उत्पन्नाचे पान. 20 डिसेंबरला अर्ज पाठवून टाक आणि पुस्तकांकडे वळ. 1 नोव्हेंबरची लवकरची मुदत मोहक वाटते, पण काही ठिकाणी ती बंधनकारक असते, म्हणजे प्रवेश मिळाला तर जावेच लागते, आणि ऑगस्टची सॅट चांगली गेली नसेल तर तिथे घाई करण्यात अर्थ नाही.

हमी देणाऱ्या सल्लागारांबद्दल: परदेशी विद्यापीठाकडून कमिशन घेऊन मुले पाठवणारे असतात, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण वर लिहिलेली विद्यापीठे कुणाला कमिशन देत नाहीत. त्यामुळे "हार्वर्डला आमची ओळख आहे" असे ऐकलेस की चहा पिऊन उठ.

जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखतीचा ईमेल येऊ शकतो. माजी विद्यार्थी अर्धा-पाऊण तास ऑनलाइन बोलतात. अर्जात लिहिलेल्याच गोष्टींवर बोल. मुलाखत आली नाही तर त्यात वाईट काही समजू नको, सगळ्यांना द्यायला त्यांच्याकडे माणसे नसतात. एमआयटीचा निर्णय 14 मार्चला लागतो, बाकीच्या मोठ्यांचा मार्चअखेर. होकार आला तर 1 मेपर्यंत कळवायचे, नीट साधारण त्याच आठवड्यात असते. तरीही नीट दे, कारण मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासातली व्हिसाची मुलाखत जून-जुलैत होते आणि तोपर्यंत हातात दुसरी जागा असलेली बरी. बोर्डाचा निकाल आला की प्राचार्यांना अंतिम गुणपत्रिका पाठवावी लागते. त्यांचा मोबाईल नंबर आणि ईमेलचा पासवर्ड त्यांच्याच लक्षात आहे ना, एवढे उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विचारून ठेव.